बॉक्स बदलायचाय, पण सासूबाई ऐकत नाहीत

पत्राचा सारांश, नाव वगळून: घरात सासू-सासरे, नवरा, कॉलेजातला मुलगा आणि पत्र लिहिणाऱ्या ताई. बरीच वर्षं डिशचा बॉक्स आहे, रेकॉर्डिंगची सोय असलेला. आता इंटरनेटवाल्या कंपनीनं टीव्हीसकट पॅकेज देऊ केलंय. बिल एकच, बॉक्स एकच, त्यात चॅनेल्स पण आणि ओटीटी पण. नवरा आणि मुलगा एका पायावर तयार. सासूबाई म्हणतात, "आहे ते बरंय, मला नको तुमचं ते नवीन." सासऱ्यांना कमी ऐकू येतं, ते बॉक्सला हेडफोन लावून बातम्या बघतात आणि या वादात काहीच बोलत नाहीत. जुन्या बॉक्समध्ये सासूबाईंनी खूप काही जपून ठेवलंय, त्यात नात एका गाण्याच्या कार्यक्रमात कोरसमध्ये उभी होती तो भाग पण आहे. नणंदेनं मागे असाच बॉक्स बदलला, तिच्याकडे तेव्हापासून रोज कटकट चालू आहे. ताई विचारतात: "सगळी चॅनेल्स तीच मिळणार, चित्र उलट जास्त चांगलं दिसणार, मग विरोध कशासाठी? निव्वळ हट्ट आहे का? सासूबाईंना पटवू कसं?"

ताई, पत्र वाचल्यावर पहिली गोष्ट डोळ्यात भरली ती ही की "बॉक्स बदलू का" असं तुम्ही विचारलेलंच नाहीये. तुम्ही विचारलंय "पटवू कसं". म्हणजे निर्णय आधीच झालाय, तो घेतलाय नवऱ्यानं आणि मुलानं, आणि पटवायचं काम तेवढं तुमच्या गळ्यात पडलंय. ते कसं करायचं ते सांगण्याआधी जरा मागं जाऊ, कारण मला सासूबाईंचं म्हणणं तुम्हाला वाटतंय तेवढं बिनबुडाचं वाटत नाही.

तुमच्या घरात सगळ्यात जास्त वेळ टीव्ही कोण बघतं? मुलगा तर बहुतेक मोबाईलवरच असेल, नवरा मॅच आणि रात्रीचं काहीतरी. दिवसभर टीव्ही असतो तो सासू-सासऱ्यांचा. आणि बदलाचा फायदा कोणाला आहे बघा, ओटीटी कोणाला हवंय, एकच बिल कोणाला हवंय? ज्यांना फायदा ते ठरवणार आणि तोटा ज्यांना होणार त्यांना आपण हट्टी म्हणणार, असं चाललंय. माझ्याकडे या विषयावर पत्रं येतात ती जवळजवळ सगळी याच वळणाची असतात, म्हणून जरा लांबलचक उत्तर देतेय, बाकीच्यांनाही उपयोगी पडेल.

"सगळी चॅनेल्स तीच मिळणार" हे तुमचं मुख्य म्हणणं. यादी तीच असेल, मान्य. पण सासूबाई चॅनेल यादीतून शोधतात का? एकदा दुपारी त्यांच्याकडे नुसतं बघा. त्या रिमोटकडे बघतसुद्धा नसतील, अंगठ्यानं तीन आकडे दाबतात आणि मालिका हजर. ते आकडे त्यांना तोंडपाठ नाहीत, विचारलं तर कदाचित सांगताही येणार नाहीत, ते बोटांत बसलेत. नवीन कंपनीकडे तेच चॅनेल वेगळ्या नंबरवर असतं, कारण नंबर चॅनेलचा नसतोच, तो ज्याचा बॉक्स त्यानं दिलेला असतो. आणि त्याहून मोठी गंमत म्हणजे इंटरनेटवाल्या बऱ्याच बॉक्सच्या रिमोटवर आकडेच नसतात. एक गोल चकती, मधे ओके, बॅक, होम, आवाज, माईकचं बटण आणि दोन-चार ओटीटीवाल्यांची रंगीत बटणं, की झालं. म्हणजे जे काम तीन आकड्यांचं होतं त्यासाठी आता होमवर जा, लाइव्ह टीव्हीचं ॲप उघडा, भाषा निवडा, खाली खाली जा. मुलगा म्हणेल बोलून सांग ना, माईक आहे. ठीक आहे, पण मालिकेचं नाव सांगितलं की तो माईक बऱ्याचदा चॅनेल लावायच्या ऐवजी जुन्या भागांची रांग दाखवतो, आणि आज साडेसातला काय चाललंय ते राहतं बाजूला.

अजून एक, ज्याच्यामुळे सगळ्यात जास्त फोन येतात. जुन्या बॉक्सचा रिमोट आणि टीव्हीचा रिमोट यांचा संबंध फारसा नसायचा, टीव्ही एकदा चालू केला की झालं. आता नव्या बॉक्सचा रिमोट टीव्हीला पण चालू-बंद करतो, इनपुट, म्हणजे टीव्हीनं कुठल्या भोकातलं चित्र दाखवायचं, तेही बदलतो, आणि एखादं बटण चुकून दाबलं की काळा पडदा आणि "नो सिग्नल". ज्याला इनपुट ही भानगड माहीत आहे त्याच्यासाठी हे दोन सेकंदांचं काम, ज्याला माहीत नाही त्याच्यासाठी टीव्ही बिघडलाय. दुपारी घरात दोघंच असतील तर संध्याकाळी कोणीतरी येईपर्यंत टीव्ही बंद. नणंदेची कटकट बहुतेक हीच असणार बघा. आणि ती नीट सांगत का नाही, तर सांगायला गेलं की फार क्षुल्लक वाटतं ना, "आईंनी चुकीचं बटण दाबलं" यात तक्रार करण्यासारखं काय आहे. पण दिवसातून तीन वेळा झालं की ते क्षुल्लक राहत नाही.

आता सासऱ्यांचं. ते गप्प आहेत म्हणजे त्यांची हरकत नाही असं तुम्ही धरून चाललाय, पण खरी अडचण त्यांचीच व्हायची शक्यता आहे. जुन्या बॉक्सच्या मागे वाका आणि बघा त्यांचा हेडफोन कुठे लावलाय. बहुतेक लाल-पांढऱ्या गोल भोकांमध्ये एक वायर गेलेली असेल, तिथून हेडफोनच्या स्टँडला, आणि स्टँडवरून बिनतारी हेडफोन. नवीन बॉक्स हातात घ्या, हाताच्या पंजाएवढी डबी असते, मागे एक एचडीएमआय, एक नेटची वायर लावायची जागा, एखादं यूएसबी आणि पॉवर. लाल-पांढरी भोकं गायब. मग कोणीतरी म्हणतं ब्लूटूथ हेडफोन घेऊ, चांगली कल्पना आहे, पण ब्लूटूथवर आवाज किंचित उशिरा येतो, बातमी देणाऱ्या बाईचे ओठ आधी हलतात आणि शब्द मागून. काही बॉक्स आणि काही टीव्ही हा उशीर भरून काढतात, काही नाही काढत. कमी ऐकू येणारी माणसं आपल्या नकळत ओठ वाचत असतात, त्यामुळे आपल्याला जो फरक जाणवणारही नाही तो त्यांना त्रास देतो. शिवाय ब्लूटूथ हेडफोन लावला की टीव्हीच्या स्पीकरचा आवाज बंद होतो असंही बऱ्याच ठिकाणी आहे, म्हणजे एकतर सासऱ्यांनी ऐकायचं नाहीतर सासूबाईंनी.

याला उपाय आहे. तुमच्या टीव्हीला मागे किंवा बाजूला हेडफोनचं भोक असेल किंवा ऑप्टिकल आउट (प्रकाशाच्या वायरीनं आवाज बाहेर देणारी जागा) असेल तर स्टँड तिथे लावता येतो, ऑप्टिकल असेल तर मधे एक छोटा कन्व्हर्टर लागतो आणि सेटिंगमध्ये आवाज डॉल्बीवरून पीसीएम म्हणजे साध्या आवाजावर करावा लागतो, नाहीतर वायर सगळी बरोबर असून ढिम्म आवाज येत नाही आणि आपण कन्व्हर्टरला शिव्या देत बसतो. पण हेडफोनच्या भोकात पिन घातली की काही टीव्ही स्पीकर बंद करतात, ते आधी तपासा. मुद्दा काय, तर हे सगळं बॉक्स बदलायच्या आधी बघायचं. नंतर बघायचं म्हटलं तर मधले पंधरा दिवस तो माणूस बातम्यांशिवाय बसतो आणि बोलत नाही.

घरात दुसरा जुना टीव्ही असेल, त्याच बॉक्सवरून आतल्या खोलीत वायर ओढून चालवलेला, तर तोही बंद पडणार हे गृहीत धरा. जुने बॉक्स एचडीएमआय आणि एव्ही (लाल-पांढऱ्या-पिवळ्या भोकांची जुनी जोडणी) दोन्हीकडून एकाच वेळी चित्र देतात, म्हणून ती युक्ती चालायची. नव्यांमध्ये एव्ही असलाच तर एका बारक्या भोकात सगळं कोंबलेलं असतं आणि त्याची वायर वेगळी येते, आणि घरात पडलेली तशीच दिसणारी वायर लावली तर आतल्या तारांचा क्रम वेगळा असल्यामुळे आवाजाच्या जागी घरघर आणि चित्राच्या जागी काहीतरी भलतंच. दुसऱ्या टीव्हीला दुसरा बॉक्स, म्हणजे दुसरं भाडं. "एकच बॉक्स" मधला "एक" तिथेच संपतो.

रेकॉर्डिंग्जबद्दल मात्र सरळ सांगते, ती नवीन बॉक्समध्ये जाणार नाहीत. कुठल्याच मार्गानं नाही. कंपनीच्या बॉक्सवर केलेलं रेकॉर्डिंग कुलूपबंद असतं आणि त्याची किल्ली त्याच बॉक्समध्ये असते. हार्ड डिस्क काढून कॉम्प्युटरला लावली तर कॉम्प्युटर विचारतो फॉरमॅट करू का, आणि कोणीतरी उत्साही माणूस हो म्हणतो की सगळं साफ. पेन ड्राइव्हवर किंवा बाहेरच्या डिस्कवर रेकॉर्ड केलं असेल तरी ते दुसऱ्या बॉक्सवर चालत नाही, सहसा त्याच कंपनीच्या दुसऱ्या बॉक्सवर पण नाही. आणि काही कंपन्यांच्या बॉक्समध्ये तर रिचार्ज संपला की आधीचं रेकॉर्डिंग उघडायचंही बंद होतं. म्हणजे "जुना बॉक्स ठेवू की कपाटात, लागेल तेव्हा लावू" हे होईलच असं नाही. म्हणून नातीचा कोरसचा भाग कनेक्शन चालू असतानाच उतरवून घ्या. सगळ्यात सोपी पद्धत म्हणजे खोलीत अंधार करून, मोबाईल स्टँडवर आडवा ठेवून पडद्याचं शूटिंग करायचं, आवाज बरा येतो, घरच्यासाठी पुरतं. याहून चांगलं हवं असेल तर जुन्या बॉक्सच्या एव्ही भोकातून कॅप्चर करणारं छोटं यंत्र मिळतं, एचडीएमआयमधून करायला गेलात तर कॉपी रोखणारी सोय आडवी येते आणि काळा पडदा मिळतो. आणि आधी त्या चॅनेलच्या ॲपवर किंवा यूट्यूबवर तो भाग आहे का ते बघा, असेल तर प्रश्नच मिटला. पण बघून ठेवू नका, उतरवून ठेवा, तिथली जुनी भागांची यादी कधी गायब होईल त्याचा नेम नसतो.

इथे कोणी विचारेल की मग जुना बॉक्सच नव्या कंपनीवर का नाही चालवता येत, मोबाईलमध्ये सिम बदलतो तसं. चालवता आला असता, तसे प्रयत्नही झालेत. अमेरिकेत केबलकार्ड नावाचं प्रकरण होतं, कंपनीकडून चॅनेल्सचं कुलूप उघडणारं कार्ड घ्या आणि आपल्याच यंत्रात घाला, पण कंपन्यांनी ते कधी मनापासून चालवलं नाही आणि २०२० मध्ये तिथल्या एफसीसी या सरकारी नियामकानं कार्ड पुरवायची सक्तीच काढून टाकली. युरोपात ३० सेंटिमीटरपेक्षा मोठ्या पडद्याच्या डिजिटल टीव्हींना अशा कार्डासाठी खाच असावी असा नियम आहे. भारतात ट्रायनं, म्हणजे दूरसंचार नियामकानं, एप्रिल २०२० मध्ये शिफारस केली की बॉक्स कुठल्याही कंपनीवर चालणारे हवेत. शिफारस ती शिफारस. त्यात डिशचा बॉक्स उपग्रहाची लहर पकडतो आणि इंटरनेटचा बॉक्स नेटवरून घेतो, म्हणजे यंत्रच मुळात वेगळं. अगदी डिशवरून डिशवर जायचं म्हटलं तरी छत्री दुसऱ्या उपग्रहाकडे फिरवावी लागते, "तुमची छत्री चालेल" असं विक्रेता म्हणतो ते अर्धंच खरं असतं.

"चित्र जास्त चांगलं" हे दुसरं गृहीतक. इथे मी थोडी तुमच्या मुलाच्या बाजूनं पण बोलते. मुसळधार पावसात डिशचं चित्र जातं, कारण ज्या लहरींवर डिश चालते, साधारण ११-१२ गिगाहर्ट्झ, त्या पावसाच्या थेंबांत अडतात. नेटवर तो त्रास नाही. ओटीटीवरचं फोरके चित्र खरंच सुंदर दिसतं. राहून गेलेला भाग नंतर बघता येतो, रेकॉर्ड लावायची गरज नाही. हे सगळं खरंय. पण जे चॅनेल मुळातच साध्या दर्जात येतं ते कुठल्याही बॉक्समधून साधंच दिसणार, मोठ्या टीव्हीवर उलट जास्त धुरकट. आणि नेटवरचं चित्र नेटच्या स्पीडप्रमाणे स्वतःला कमी-जास्त करतं, संध्याकाळी मुलगा गेम डाउनलोडला लावतो तेव्हा सासूबाईंच्या मालिकेतल्या साड्यांची नक्षी पुसली जाते, कोणाला कारण कळत नाही.

त्यामुळे कंपनीला विचारायचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हा: टीव्हीची चॅनेल्स तुमच्या स्वतःच्या नेटवर्कवरून वेगळ्या वाटेनं येतात, का साध्या इंटरनेटवरून ॲपमध्ये येतात? ऐकायला तांत्रिक वाटतं पण सगळं यावर आहे. वेगळी वाट असेल तर टीव्हीसाठी जागा राखून ठेवलेली असते, घरात कोणी काहीही डाउनलोड करो, आणि बऱ्याचदा ते तुमच्या डेटात मोजलंही जात नाही. ॲपमधून येत असेल तर टीव्ही हा तुमच्या नेटवरचा अजून एक गिऱ्हाईक. हिशोब करा, एचडी चित्राला सेकंदाला साधारण ५ मेगाबिट धरले तर तासाला सव्वादोन जीबी. रोज सहा तास टीव्ही चालणाऱ्या घरात महिन्याला चारशे जीबी फक्त मालिका आणि बातम्यांत गेले, आणि "अनलिमिटेड" प्लॅनच्या खाली बारीक अक्षरात ठरावीक जीबीनंतर स्पीड कमी असं लिहिलेलं असतं, ते वाचा. विकायला आलेल्या माणसाला या प्रश्नाचं उत्तर येत नसेल तर त्याच्याकडून ऑफिसला फोन लावून घ्या, लाजू नका.

मॅचचं नवऱ्याला सांगा, त्यांच्या कामाचं आहे. उपग्रह जमिनीपासून जवळपास ३६ हजार किलोमीटरवर, तरी लहरीला वर जाऊन खाली यायला पाव सेकंद लागतो. नेटवरचं थेट प्रक्षेपण मात्र तुकड्या-तुकड्यांत येतं, साठवून मग दाखवतं, त्यामुळे ॲपवर वीस-तीस सेकंद मागे असणं काही विशेष नाही. म्हणजे शेवटची ओव्हर चालू असताना शेजारी आधी ओरडणार आणि तुमच्याकडे बॉलर अजून रनअपवर. याचं कितपत वाईट वाटून घ्यायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं, पण माझ्या माहितीतले एक गृहस्थ केवळ एवढ्याच कारणानं डिशवर परत आलेत.

आणि एक बिल, एक कंपनी याची दुसरी बाजू म्हणजे एक बिघाड. आज नेट गेलं तर टीव्ही चालू असतो, टीव्ही गेला तर मोबाईलवर काहीतरी बघता येतं. सगळं एका वायरवर आणलं की ती वायर रस्त्यावर तुटली की घर मुकं. पुढे कधी नेटची कंपनी बदलावीशी वाटली, तर टीव्हीपण बदलायचा, ओटीटीची ती स्वस्तातली वर्गणीपण सोडायची, आणि सासूबाईंनी नवीन शिकलेलं सगळं परत पुसायचं. कंपन्यांना हेच हवं असतं, त्यात लपवण्यासारखं काही नाही, फक्त आपल्याला दिसायला हवं.

तुमच्या पत्रात एक प्रश्न मला कुठे दिसला नाही, तो मीच विचारते. बॉक्स बदलल्यावर घरातला कस्टमर केअर कोण असणार? दुपारी काळा पडदा आला की फोन कोणाला येणार, नवऱ्याला? मला नाही वाटत. पटवायचं काम ज्याच्याकडे येतं ना, निस्तरायचं काम पण त्याच्याकडेच येतं. म्हणून हो म्हणायच्या आधी नवरा आणि मुलगा यांच्याकडून एवढं कबूल करून घ्या की बसवल्यापासून पहिला महिना शिकवायचं, सेटिंग करायचं आणि फोन घ्यायचं काम मुलाचं. त्याला हवंय ना, मग त्यानं करावं. आणि शिकवताना रिमोट आजीच्या हातात, आपल्या हातात नाही. आपण भराभर दाबून दाखवतो आणि म्हणतो "बघ, सोप्पंय", त्यातून कोणी काही शिकत नाही.

आता पर्याय काय. काहीच न बदलणं हा पहिला, आणि तो मागासलेपणा वगैरे अजिबात नाही. ओटीटीच हवं असेल तर तुमचा टीव्ही स्मार्ट आहे का बघा, असेल तर नेट घ्या, ॲप टीव्हीवरच चालवा आणि डिश आहे तशी राहू द्या. नसेल स्मार्ट तर एचडीएमआयला लावायची स्टिक मिळते. मला विचाराल तर तुमच्या पत्रातल्या निम्म्या घराला जे हवंय ते एवढ्यातच मिळतंय, आणि उरलेल्या निम्म्या घराला हात लागत नाही. हा पर्याय कोणी विक्रेता सांगत नाही कारण त्यात त्याला विकायला काही नाही.

पैशाचा विचार करून बदलायचंच ठरलं, तर एक महिना दोन्ही ठेवा. एचडीएमआय एकमध्ये जुना, दोनमध्ये नवा. डिशचं पॅकेज सगळ्यात छोटं करा, फक्त सासू-सासरे बघतात तेवढी चॅनेल्स. महिनाभरात कोण कुठला लावतं ते नुसतं बघत राहा, भाषण द्यायची गरज नाही. सासूबाई आपणहून नव्यावर गेल्या तर प्रश्न सुटला, नाही गेल्या तर तुमच्या घरासाठी उत्तर काय ते कळलं. काही लोक सुचवतात की जुना बॉक्स आतल्या खोलीत हलवा, नवा हॉलमध्ये, सगळे खूश. मला हे पटत नाही. कागदावर छान दिसतं, पण त्याचा अर्थ असा होतो की म्हातारी माणसं त्यांच्या टीव्हीसकट आतल्या खोलीत गेली आणि हॉल मोकळा झाला. त्यांनीच मागितलं तर वेगळी गोष्ट.

नवा बॉक्स बसवायच्या दिवशी मुलाला घरी थांबायला सांगा. बसवणारा माणूस घाईत असतो, टीव्हीवर चित्र आलं की त्याचं काम झालं. त्याला डिशची वायर कापू देऊ नका, काढू देऊ नका, गुंडाळून टोकाला टेप लावून ठेवा, परत जावंसं वाटलं तर पुन्हा भिंतीला भोक पाडायला नको. जुन्या बॉक्सच्या मागच्या सगळ्या वायरींचा एक फोटो काढून ठेवा. शक्य असेल तर नवीन बॉक्स वायफायवर न ठेवता राउटरपासून नेटची वायर ओढून जोडा, अर्ध्या तक्रारी तिथेच कमी होतात. मग सेटिंगमध्ये जाऊन, बॉक्स चालू केल्यावर होमच्या जाहिरातींऐवजी थेट शेवटचं चॅनेल लागेल अशी सोय असेल तर ती चालू करा, सगळ्यांत नसते पण असली तर सासूबाईंचे निम्मे कष्ट वाचतात. आवडती चॅनेल्स वरच्या ओळीत आणा, आणि ती कुठली हे त्यांनाच विचारा. काही तास बटण दाबलं नाही की आपोआप बंद होणारी सोय असते ती बंद करा, नाहीतर दुपारी ऐन मालिकेत पडदा काळा होईल. मुलांसाठीचा पिन आणि खरेदीचा पिन बदला, कंपनीकडून येताना तो चार शून्य किंवा एक-दोन-तीन-चार असतो आणि चुकीचं बटण दाबून सिनेमा विकत घेतला जातो. आकडेवाला रिमोट वेगळा मिळतो का तेही कंपनीला विचारा, काहींकडे असतो पण मागितल्याशिवाय देत नाहीत. बाजारातला कुठलाही युनिव्हर्सल रिमोट आणाल तर तो चालेलच असं नाही, कारण बरेच नवे बॉक्स ब्लूटूथवर चालतात.

सासूबाईंशी बोलायचं म्हणाल तर पटवायला जाऊच नका. "तुम्हाला यातलं काय नकोय ते मला सांगा, मी लिहून घेते" एवढं म्हणा आणि खरंच लिहून घ्या. मालिकेच्या वेळा, रेकॉर्डिंग, आकडे, काय येईल ते. सासऱ्यांना वेगळं विचारा, हेडफोनचं नाव काढून विचारा, "तुम्हाला काय वाटतं" असं मोघम विचारलंत तर ते "मला चालेल काहीपण" म्हणणार. ती यादी घेऊन मगच कंपनीच्या माणसाला बोलवा आणि त्याला त्यातली एकेक गोष्ट आपल्या टीव्हीवर करून दाखवायला सांगा. जे नाही जमणार ते नाही जमणार, पण ते सह्या करायच्या आधी कळेल.

आणि शेवटी डिश बंद करायचीच ठरली तर फोनवर "बंद करा" म्हणून सोडून देऊ नका. बॉक्स भाड्याचा आहे का विकत घेतलेला ते जुन्या पावतीवर बघा, भाड्याचा असेल तर परत करताना बॉक्सच्या खालचा सिरीयल नंबर लिहिलेली पोच घ्या, रिमोट आणि अडॅप्टरसकट. खात्यात शिल्लक असेल तर ती परत मागा. आणि बँकेत जाऊन किंवा ॲपमधून ऑटो-पे स्वतः बंद करा, कंपनी करेल या भरवशावर राहू नका. नणंदेला पण हे तपासायला सांगा, दोन्हीकडचे पैसे कापले जाताहेत आणि कोणाच्या लक्षात नाही असं बऱ्याच घरांत चाललेलं असतं.